ओळखू आला तो हेर कसला!

हेरपट लागला की देहूफाट्यापासून चाकण चौकापर्यंत एकच खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले, वकील ठरलेले आणि निकाल तर प्रत्येकाने घरूनच लिहून आणलेला. टायगर मोठा, पठाण मोठा, की ‘वॉर’मधला कबीर? फर्स्ट शिफ्टला निघालेले एका बाजूला, नाइट करून परतणारे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये चहावाला, ज्याला दोन्ही बाजूंची उधारी सांभाळायची असल्यामुळे तिघेही आवडतात. केस पिकलेली मंडळी या पोरखेळाकडे दयेने बघतात आणि शॉन कॉनरी की रॉजर मूर हा आपला जुना तंटा उकरून काढतात. त्यात एखादा मराठी बाण्याचा निघतोच. तो ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’ टेबलावर आपटतो. बाजू कुठलीही असो, पुरावे मात्र सगळ्यांचे सारखेच असतात. एंट्रीला शिट्ट्या किती पडल्या, शर्ट कितव्या मिनिटाला उतरला, मोटारसायकल कुठल्या छपरावरून उडाली आणि पहिल्या तीन दिवसांत गल्ला किती जमला. या निकषांवर खेड तालुक्याच्या घाटात पळालेला बैलही उत्तम हेर ठरेल. त्याच्याही एंट्रीला गुलाल उधळतात आणि शर्ट त्याच्या अंगात मुळातच नसतो. हेराच्या धंद्यात परीक्षा एकच: शेजारून गेला तरी कळू नये. ती लावली तर आपल्या चर्चेची सगळी गुणपत्रिका उलटी धरून वाचावी लागते. ज्याला सर्वांत जास्त लोक ओळखतात तो शेवटचा, आणि ज्याचे नाव कुणाला आठवत नाही तो पहिला.

हे म्हणणे चक्रमपणाचे वाटेल, म्हणून साक्षीला खुद्द बॉन्डच्या बापालाच बोलावू. इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, म्हणजे हेर कसे दिसतात हे त्याला ठाऊक होते. १९५३ साली ‘कसिनो रोयाल’ ही पहिली कादंबरी आली, तेव्हा नायकासाठी त्याला अगदी बेचव, सपक, कुणाच्या लक्षात न राहणारे नाव हवे होते. ते त्याने वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाकडून उचलले. जेम्स बॉन्ड हा मूळचा पक्षी बघणारा गृहस्थ. पुढे १९६२ साली ‘डॉक्टर नो’ पडद्यावर आला आणि या सपक नावाच्या माणसाने जुगाराच्या टेबलावर आडनाव आधी सांगून मग पूर्ण नाव सांगण्याची प्रथा पाडली. जो हेर एकाच दमात आडनाव दोनदा सांगतो, त्याला आपल्याकडे रेशन दुकानातसुद्धा रांगेत मागे उभे करतील. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’त तर कहर झाला. उदयपुरात उतरलेल्या बॉन्डला खूण पटावी म्हणून त्याचा भारतीय साथीदार, म्हणजे विजय अमृतराज, गारुड्याच्या वेषात पुंगी वाजवतो. आणि वाजवतो काय, तर बॉन्डपटाचीच धून. गुप्त खूण म्हणून स्वतःच्याच सिनेमाचे संगीत! मूळ मालिकेच्या पंचवीस चित्रपटांत सहा जणांनी हा कोट घातला. त्यांतला जॉर्ज लेझनबी १९६९ साली एकदाच आला, काम केले आणि नाहीसा झाला. चाहते त्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवतात. आमच्या निकषाने सुवर्णपदक त्याचेच आहे, कारण सहांपैकी ज्याला रस्त्यात ओळखले जाण्याची भीती सर्वांत कमी, तो तोच.

हिंदीत हा रोग अधिक खोल गेला. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र हा एजंट ११६ होता आणि १९७९ च्या ‘सुरक्षा’त मिथुन चक्रवर्ती गनमास्टर जी-९. दोघांच्याही नाचावरून शत्रूला शंभर पावलांवरून कळावे की भारतीय गुप्तहेर आला. या दोघांच्या मध्ये १९७७ साली ‘एजंट विनोद’ आला. त्याचा नायक महेंद्र संधू. कोण महेंद्र संधू, असे ज्यांनी आत्ता मनात विचारले, त्यांनी त्याच्या पात्रतेवर शिक्कामोर्तब केले. मग २०१२ साली ‘एक था टायगर’ने नवा कारखाना उघडला आणि त्याच्या पट्ट्यावरून टायगर, कबीर, पठाण असा माल बाहेर पडू लागला. गुप्तहेराला टायगर नाव देणाऱ्याच्या बुद्धीचे करावे तितके कौतुक थोडे. ज्याची दर चार वर्षांनी सरकारी गणना होते, ज्याच्यासाठी जंगलात जागोजाग कॅमेरे लावतात आणि जो दिसला की जिप्सीतले पर्यटक एकमेकांच्या मांडीवर चढतात, असा देशात दुसरा प्राणी नाही. २०२३ च्या ‘पठान’मध्ये हा टायगर चालत्या रेल्वेत मित्राच्या मदतीला येतो, तेव्हा आपल्या थिएटरांत नाणी उधळली जातात. पडद्यावरच्या शत्रूला तो आल्याचे कळायला मात्र दोन मिनिटे लागतात. एवढा मंद शत्रू मिळाला तर आपल्या सोसायटीचा रखवालदारसुद्धा देश वाचवील.

आता मराठी बाजू. इथे पुरावा इतका भक्कम आहे की चाहत्यांच्या नजरेत तो आलाच नाही. फ्लेमिंगने बॉन्ड कागदावर आणण्याच्या दहा वर्षे आधी, १९४३ साली, भालजी पेंढारकरांच्या खात्यावर शिवाजी महाराजांच्या हेरावरचा, ‘बहिर्जी नाईक’ नावाचाच मराठी चित्रपट जमा आहे. म्हणजे हेराला नायक करून नाव थेट पाटीवर लावण्याचा मान कोल्हापूरकडे जातो, लंडनकडे नव्हे. पुढे दिग्पाल लांजेकरांच्या मालिकेत २०१८ साली ‘फर्जंद’ आणि २०१९ साली ‘फत्तेशिकस्त’ आला. एकात कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी घेतलेला पन्हाळा, दुसऱ्यात लाल महालावरचा छापा. दोन्ही मोहिमा आधी माहिती काढणाऱ्यांच्या आणि मग तलवारवाल्यांच्या. बॉन्डकडे हेर एक आणि नट सहा. आपल्याकडे हिशेब बरोबर उलटा. अंकित मोहन हा एकच नट ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, ‘फत्तेशिकस्त’मध्ये येसाजी कंक आणि ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल. अजय पूरकर कधी तानाजी, कधी बाजीप्रभू. वीर बदलतो, फेटा बदलतो, दाढी तीच राहते. त्यावर चाहते रात्री जागवतात. महाराजांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकर की शरद केळकर की अमोल कोल्हे, यावर तर घराघरांत अबोला. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत बहिर्जी नाईकांचे काय झाले? पहिल्या चित्रपटात प्रसाद ओक बहिर्जी होते, दुसऱ्यात हरीश दुधाडे. नट बदलला, चेहरा बदलला, आणि त्यावरून कुठल्या कट्ट्यावर कुणाची कॉलर धरली गेल्याचे ऐकिवात नाही. हेराने चेहरा बदलला आणि गर्दीला कळले नाही! दोन्ही नटांना याहून मोठी दाद कुठला पुरस्कार देणार?

खऱ्या बहिर्जींकडे वळले तर हा मुद्दा आणखी घट्ट होतो. त्यांच्यावर कादंबऱ्या आहेत, पोवाडे आहेत, पण अस्सल कागदांत त्यांच्या खुणा इतक्या विरळ की मोजायला एका हाताची बोटे पुरावीत. सभासदाच्या बखरीत ते भेटतात. सुरतेची खबर आणणारे ते आणि जालन्याच्या लुटीनंतर शत्रूने वाट अडवली असता महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेणारेही तेच. त्यांची समाधी सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर दाखवतात. जन्मसाल, चेहरामोहरा, रोजची हकिकत, यांतले काही हाती लागत नाही, आणि अभ्यासकांना याची हळहळ वाटते. ती अस्थानी आहे. ज्या हेराचे चरित्र तीन खंडांत निघते, त्याच्या कामगिरीची चौकशी करायला हवी. शेजारच्या चाकणचेच बघा. १६६० साली शाईस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. अखेर बुरुजाखाली सुरुंग लावून मोगलांनी गढी घेतली. ही उघड्या मैदानावरची मर्दुमकी आणि ती गावोगाव गायली गेली, ते योग्यच झाले. पण तोच शाईस्तेखान १६६३ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत बोटे गमावून पुण्याहून निघाला. त्याने मुक्काम ठोकलेल्या लाल महालाच्या कुठल्या भिंतीत कुठली खिडकी चिणलेली आहे, पहारा कधी पेंगतो, मुदपाकखान्यातून आत कसे शिरायचे, हे आधी कुणीतरी बघून आले असणार. खानाची बोटे इतिहासाने मोजली. बघून येणाऱ्यांची हजेरी कुठेही लागलेली नाही, आणि मोहीम फत्ते झाली ती याच कारणाने.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो. सिनेमा म्हणजे सिनेमा; तिकीट काढून माणूस काय कुणीच दिसत नाही ते बघायला जातो? गर्दी खेचायला चेहराच लागतो. हा आक्षेप पिंपरी-चिंचवडच्या मल्टिप्लेक्सात टिकेल, पण आळंदी-देहूच्या वेशीवर टिकत नाही. १९३६ साली प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट होते. पडद्यावर ते तुकारामांत असे विरघळले की पागनीस शोधूनही सापडेनात. चित्रपट एका थिएटरात वर्षाहून अधिक चालला आणि व्हेनिसला जाऊन नाव कमावून आला. सर्वोत्तम तुकाराम कोण, यावर देहूत कधी खटला उभा राहत नाही, कारण दिसतो तो तुकाराम, नट दिसतच नाही. हेरांमध्येही असे उदाहरण आहे. कादंबरीकार जॉन ल कारेचा जॉर्ज स्मायली हा बुटका, जाडसर, बेंगरूळ कपड्यांतला गृहस्थ. १९७९ च्या बीबीसीच्या मालिकेत ॲलेक गिनेसने तो केला. त्याच्या हाती पिस्तुलापेक्षा पुसायचा चष्माच जास्त दिसतो, आणि तरी बघणाऱ्याचा श्वास अडकतो. दोष प्रेक्षकाचा नाही. निर्मात्यांनी चष्म्याऐवजी हेलिकॉप्टरवर पैसे घालायचे ठरवले आहे, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक तापट. हे सगळे देशाच्या वीरांची टिंगल करण्यासाठी चालले आहे, आपल्या परंपरेत हेर असाच छाती काढून चालतो. ज्यांना परंपरा हवी त्यांनी कौटिल्य उघडावा. अर्थशास्त्रात हेरांची वर्गवारी आहे: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. विद्यार्थी, बैरागी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी अशा वेषांतली ही माणसे. तापसाबद्दलची सूचना तर बारकाईने वाचण्यासारखी आहे. त्याने लोकांदेखत महिना-दोन महिन्यांनी मूठभर भाजी किंवा जव खावेत आणि गुपचूप मनाला येईल ते खावे. (हे वाचून आळंदीकरांनी शेजाऱ्याच्या ताटाकडे बघू नये, सूचना मौर्यकाळातली आहे.) पाच वर्गांत एकही असा नाही ज्याला गॉगल, जाकीट आणि मागे धूर सोडणारी गाडी दिलेली आहे.

खरे तर या विषयावर निकाल द्यायचा अधिकार मुंबईच्या स्टुडिओंपेक्षा आळंदीला जास्त आहे. या गावात कुणीही कुणालाही ‘माऊली’ म्हणतो. रिक्षावाला माऊली, गिऱ्हाईक माऊली, ज्याने पायावर चाक घातले तो माऊली आणि ज्याचा पाय गेला तोही माऊलीच. वारीच्या दिवसांत लाखो माणसे एकाच पांढऱ्या वेषात, एकाच गंधात, एकाच नावाने वावरतात. ब्रिटिश सरकारला तीन आकडी क्रमांक छापून जे साधले नाही, ते इथे एका शब्दात साधले आहे. प्रत्यक्ष गुप्त मोहिमाही इथे चालतात आणि त्यांत यशाचे प्रमाण हेवा वाटावे असे आहे. महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यातून घरच्यांना मैत्रिणीकडे जाते, मित्राकडे जातो असे सांगून निघालेली जोडपी मोबाइल बंद करून, दोन-तीन विश्वासू मित्रांना साक्षीला घेऊन आळंदीच्या एखाद्या मंगल कार्यालयात पोचतात. तासाभरात हार पडतात. दोन्हीकडची खानदाने, चुलते, मामा, गावातला पाटील, सगळी यंत्रणा गाफील. इतकी चोख मोहीम टायगरला तीन चित्रपटांत जमली नाही. ती उघडकीला येते कशी, तर संध्याकाळी नवरदेव हारासकट स्टेटस ठेवतो म्हणून. म्हणजे त्यालाही शेवटी शिट्टीच हवी असते. उलट चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर बघा. आत शिरणाऱ्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवणाऱ्या सुरक्षारक्षकाला पक्के माहीत असते की धोका गॉगलवाल्याकडून नाही. तो डबा घेऊन मुकाट रांगेत उभ्या असलेल्याकडून आहे.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो मात्र खरा वजनदार. सर्वोत्तम हेर जर अज्ञातच असायचा, तर भांडायचे कुणावरून? कट्टे ओस पडतील, चहाचा गल्ला बसेल, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नायकाशेजारी कुणाचा फोटो लावायचा हा प्रश्न उभा राहील. या अडचणीवर एक तडजोड सुचवता येते. चाहत्यांनी वर्गणी काढून चाकण चौकात बहिर्जी नाईकांचा एक भव्य फ्लेक्स लावावा. वर ‘सर्वोत्तम हेर’, खाली शुभेच्छुकांची नेहमीची रांग आणि मधोमध जिथे चेहरा यायचा तिथे पांढरे, कोरे वर्तुळ. कल्पना निर्दोष आहे. धास्ती एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या वर्तुळात कुणातरी भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो येऊन बसेल, आणि तो कुणी, कधी, कुठल्या शिडीवरून लावला हे सीसीटीव्हीतही सापडणार नाही.