खरी नक्कल

ज्या गृहस्थाच्या घरी नुकताच पाळणा हलला आहे, त्याने बाळास काही शिकविण्याच्या भानगडीत पडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, आजपासून आपण मूळ दस्तऐवज झालो असून पाळण्यातील इसम हा नक्कल-विभागाचा कारकून आहे. प्रस्तुत लेखकाची उभी हयात मामलेदार कचेरीत सातबाऱ्याच्या नकला देण्यात गेली. सबब या विषयावर मार्गदर्शन करण्याचा अधिकार आपणास बालमानसशास्त्रज्ञांपेक्षा कणभर अधिकच आहे, असे तो नम्रपणे समजतो.

प्रारंभ जिभेपासून करावा. 1977 साली अमेरिकेतील मेल्टझॉफ आणि मूर यांनी दोन-तीन आठवड्यांच्या अर्भकांना जीभ काढून दाखविली आणि अर्भकेही उलट जीभ काढतात असे जाहीर केले. 2016 साली ऑस्ट्रेलियात 106 बालकांची फेरतपासणी झाली, तेव्हा समोर काहीही दाखविले तरी बालके जीभ काढतातच, असा निकाल लागला. वाद अद्याप मिटलेला नसला तरी आपण जीभ काढण्यास हरकत नाही. मात्र त्या समयी समोरच्या गॅलरीत शेजारी उभे नाहीत याची खातरजमा करावी.

वास्तविक पहिले काही महिने नक्कल उलट्या दिशेनेच चालते. बाळ ‘आऽगू’ म्हणते आणि एरवी चारचौघांत चष्म्यावरून पाहणारा कर्ता पुरुषही ‘आऽगू’ म्हणतो. यात लज्जास्पद काही नाही, कारण आपल्या आवाजाला उत्तर येते आणि मग आपली पाळी येते, हे संभाषणाचे पहिले कलम बाळास येथेच उमगते. पुढे प, ब, म ही ओठांवर दिसणारी आणि लवकर साधणारी अक्षरे येतात; तेव्हा जेवणाला मम, दुखापतीला बाऊ आणि कुत्र्याला भूभू ही आजीबाईंची परिभाषा पुरेशी शास्त्रशुद्ध मानून ‘श्वान’ हा शब्द तूर्त तहकूब ठेवावा.

वर्षाच्या आगेमागे हात बोलू लागतात. पाहुण्यांदेखत ‘टाटा कर, जयजय कर’ अशी फर्माने सोडू नयेत. पाहुणे जिना उतरून रिक्षात बसल्यावर बाळ बंद दाराला सावकाश टाटा करते, आणि ती नोंद ग्राह्य धरावी.

तथापि हा कारकून आंधळेपणाने उतरवून घेतो, असे समजू नये. हंगेरीचे गेर्गेइ आणि त्यांचे सहकारी यांनी 2002 साली एका बाईस कपाळाने दिवा लावावयास सांगितले. तिचे हात मोकळे असताना 14 महिन्यांच्या बालकांपैकी शेकडा 69 जणांनी कपाळच टेकविले. ती शाल हातांनी धरून बसली असता अवघ्या 21 जणांनी. बाईचा नाइलाज त्यांनी ओळखला होता!

माझा नाइलाज मात्र कोणी ओळखला नाही. रद्दीवाला, केबलवाला, वर्गणीवाले, जो कोणी दारात येईल त्यास वर्तमानपत्रातून मान वर न काढता, डाव्या हाताचा पंजा दोनदा झटकून, ‘उद्या या’ म्हणण्याची कचेरीतली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या पंधरवड्यात सूनबाई दुधाचा पेला घेऊन आल्या. पावणेदोन वर्षांचे नातू माझ्या पायाशी विजेचे बिल उलटे धरून बसले होते. त्यांनी बोट ओले केले, घसा खाकरला, आणि मान वर न काढता डावा पंजा दोनदा झटकून फर्मावले, ‘‘उद्दा या.’’

सूनबाईंनी त्यांस काही म्हटले नाही. त्यांनी मूळ दस्तऐवजाकडे पाहिले.