दहा आणे आठ पै

आमचे मामा निवृत्त तलाठी. ताजमहालासमोर उभं केलं तरी आधी ‘गट नंबर काय?’ असं विचारतील. स्टुटगार्टला मुलाकडे आले, तेव्हा मी त्यांना होहेनझोलर्न किल्ला दाखवायला नेलं. ८५५ मीटर उंचीचा डोंगर, धुक्यातून वर आलेले मनोरे. मी फोटो काढत होतो, तेवढ्यात मामा म्हणाले, "खातेदार कोण?"

"जुनं राजघराणं. अजून खासगीच आहे. दोन तृतीयांश प्रशियावाल्या शाखेचा, एक तृतीयांश स्वाबियावाल्यांचा."

मामांचा चेहरा उजळला. "दहा आणे आठ पै, पाच आणे चार पै! सामाईक आहे म्हण की. मग तंटा झालाच असणार."

झाला होता. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला दोघा भावांचं फाटलं. त्यातल्या एकानं आसपासच्या शहरांशीही वैर घेतलं. त्या शहरांनी वेढा घातला आणि १४२३ साली किल्ला पार पाडून टाकला. "बघ!" मामा म्हणाले. अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या वारकऱ्याला कळस दिसावा, तसा तो आवाज होता.

दुसरा किल्लाही पुढे ढासळला. आज उभा आहे तो तिसरा, १८५० ते १८६७ मध्ये श्ट्युलर या वास्तुकारानं मध्ययुगाच्या थाटात उठवलेला. "म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरच्या पिढीतला," मामा जरा हिरमुसले. "मूळचं काय राहिलंय?" मी कॅथलिक चॅपल दाखवलं. प्रोटेस्टंटांचं वेगळं आहे, हेही सांगितलं.

"देवघरंही वाटून घेतली," मामा पुटपुटले.

लालसर संगमरवरी खांबांचं सभागृह, राजमुकुट, सगळं त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. पण एका दालनाच्या भिंतींवर अख्ख्या घराण्याची वंशावळ रंगवलेली आहे. तिथे मामा हलेनात. बोट हवेत फिरवत एकेक फांदी तपासू लागले. "हा बिनवारस गेला... ह्याची नोंद चुलतभावाकडे..." मागे रांग तुंबली. जर्मन लोक शिस्तीत थांबले. त्यांना वाटलं, कुणी इतिहासाचे प्राध्यापक असावेत.

१९७८ च्या भूकंपात किल्ल्याचं बरंच नुकसान झालं, हे कळल्यावर तर त्यांना राहवेना. "दुरुस्तीचा खर्चही दोन-एक असाच वाटला का? विचार की त्या गाइडबाईला!"

उतरताना त्यांनी किल्ल्याचं चित्र असलेलं एकच कार्ड घेतलं. मला वाटलं, मामींसाठी. पण पत्ता होता तालुक्याच्या वकिलाचा. गावच्या विहिरीवरून धाकट्या भावाशी चाललेल्या दाव्यात मामा दोन हिस्से मागतात. मागे लिहिलं होतं : ‘वकीलसाहेब, दोन-एकचा दाखला सापडला. पुढच्या तारखेला जोडणे.’