छप्पर उडालेला पिंजरा

१९८७ साली अटलांटाच्या ओम्नी सभागृहात, कुस्तीगीर डस्टी ऱ्होड्स यांच्या कल्पनेनुसार, दोन आखाड्यांवर मिळून एकच सछप्पर पिंजरा ठेवून ‘वॉरगेम्स’ नामक जो व्यावसायिक कुस्तीचा सांघिक संग्राम सुरू झाला, त्याच्या स्मरणाने ज्यांचे कंठ आजही दाटून येतात, त्या रसिकांची मुख्य तक्रार अशी, की २०१७ साली पुनरुज्जीवित झालेल्या पिंजऱ्याला छप्परच नाही. पूर्वी म्हणे सारे अस्सल होते; मात्र पिंजऱ्यात ज्यादा गडी आधी कोणत्या संघाने धाडावा याचा फैसला करणारे नाणे जवळजवळ दरवेळी खलपक्षालाच कौल देई, याबद्दल कोणी फिर्याद गुदरल्याचे दफ्तरी आढळत नाही. शरणागतीखेरीज निकाल नाही, हा तर त्या काळचा कडक कायदा. त्यान्वये पहिल्याच संग्रामात शरण आले ते, ‘फोर हॉर्समेन’ या दांडग्या चौकडीने पाचवा गडी म्हणून आत लोटलेले त्यांचे व्यवस्थापक, जे. जे. डिलन.