सीमाभागात कॉम्प्युटरशी चल्लस-आठ: मांडणीपासून वारस नोंदीपर्यंत

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या ज्या होतकरूंना पाळीपाळीनं खेळायचा सोपा खेळ कॉम्प्युटरवर बसवायचा आहे, त्यांनी बुद्धिबळाच्या वाटेला जाऊ नये. त्याचे नियम जगभर एकच, त्यामुळे भांडायला जागा राहत नाही. चल्लस-आठ घ्या. शेजारच्या कन्नड घरात त्याला चौकाबारा म्हणतात; पट तोच, पाच बाय पाच घरांचा, फरशीवर खडूनं आखलेला.

साहित्य: एक लॅपटॉप, पायथन, फोडलेले चार चिंचोके आणि एक आज्जी. आज्जी नियमांसाठी. दोन आज्ज्या घेऊ नयेत, प्रकल्प तिथंच थांबतो. एकीच्या माहेरी चल्लस, म्हणजे चार, पडल्याशिवाय सोंगटी बसत नसते, दुसरीच्या माहेरी एकावरही बसते, आणि दोघींची माहेरं घटप्रभेच्या दोन तीरांना असतात.

पटावर २५ घरं: बाहेरच्या फेरीत १६, आतल्या फेरीत ८, मधलं १. सोंगटी बाहेरून घड्याळाच्या उलट फिरते आणि आत शिरली की सुलट. नवशिका इथं ‘कोपरा आला तर वळ’ अशा अटी लिहीत सुटतो आणि रात्री अकराला त्याची सोंगटी पट सोडून कागलच्या दिशेनं निघालेली दिसते. वळायला शिकवूच नका. चारही खेळाडूंना आपापल्या वाटेवरच्या २५ घरांची यादी देऊन टाका. सोंगटी कितव्या घरात आहे तो आकडा ठेवायचा आणि पडलेलं दान त्यात मिळवायचं. सोळा सोंगट्यांचे सोळा आकडे, पाळी कुणाची, आणि कुणी कुणी तोड केली आहे, म्हणजे दुसऱ्याची सोंगटी मारली आहे (तोडीशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही), एवढं साठवलं की अख्खा डाव साठवला.

सोंगट्यांना रंग देऊ नका. लाल आणि पिवळा शेजारी आले की कन्नड झेंडा होतो, भगवा दिला की महाराष्ट्र एकीकरण समितीचा, आणि काळा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला राखून ठेवलेला आहे. बांगडीचा तुकडा, शर्टाचं बटण, खडू आणि तुरीचा दाणा अशी चित्रं काढा. घरोघरी हेच वापरतात आणि यातल्या कुणाचंही अजून राज्य नाही.

आता दान. कॉम्प्युटरला ‘एक, दोन, तीन, चल्लस, आठ यातलं एक काढ’ असं सांगाल तर तो भोळेपणानं पाचही दानं सारखीच काढील आणि पाच पाळ्यांत एक आठ पडायला लागेल. खऱ्या चिंचोक्यांचा हिशेब वेगळा. उताणा-पालथा सारखाच पडतो असं धरलं तर १६ पैकी ६ वेळा दोन, ४ वेळा एक, ४ वेळा तीन, आणि चल्लस व आठ एकेकदाच. म्हणून चार वेळा नाणेफेक करवा आणि उताणे मोजा. एकही उताणा नसला तर आठ.

प्रतिस्पर्धी तीन करावेत. पहिला पाव्हणा: हाताला येईल ती सोंगटी सरकवतो, चहाची वाट बघतो. दुसरा मारका: तोड दिसली की केलीच, मग स्वतःचं घर उघडं पडो. तिसरा हिशेब्या, आणि खरी मेहनत याच्यावर. क्लॉड शॅननच्या १९५० च्या बुद्धिबळावरच्या लेखापासून पुढच्या चाली चाचपण्याची रीत रूढ आहे. इथं दानाची भर पडते, म्हणून प्रत्येक दानाचा निकाल त्याच्या शक्यतेनं गुणून बेरीज करायची. चल्लस किंवा आठ पडल्यावर मिळणाऱ्या बोनसच्या पाळ्या सोडल्या तर शत्रू दोन घरं मागं असताना मरण्याची भीती १६ त ६, एक किंवा तीन घरं मागं असताना १६ त ४, आणि चार घरं मागं असताना १६ त अवघी १. हिशेब्या हे पाहून शत्रूपासून चौथ्या घरात निवांत बसतो.

अडचण अशी की तो इतकं बिनचूक खेळतो की दुसऱ्या दिवशी कुणी त्याच्याशी बसत नाही. तेव्हा त्याला अधूनमधून कुरकुरायला शिकवा.

“आज्जी, बाद ते! फरशीच्या फटीत पडलंय.”

“गप खेळ की.”

लॅपटॉपला फरशी नसते हे त्याला सांगू नये.

पंच नेमायचा असेल तर जपून. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात महाराष्ट्राच्या आग्रहानं १९६६ साली महाजन आयोग बसला. १९६७ च्या अहवालात त्यानं निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. मग ज्यानं पंच मागितला होता त्यानंच निकाल नाकारला आणि दुसरा तेव्हापासून तोच निकाल धरून बसला. प्रोग्रॅमरनं यातून एवढंच घ्यावं, की पंचाचा निकाल मानायचा की नाही हा प्रश्न खेळाडूला विचारणारी खिडकी उघडूच नये. तसंच वादातल्या घरात पक्कं बांधकाम करण्याची चाल ठेवू नका. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, ती चाल परत घेता येत नाही. आणि गावाचं नाव कोडमध्ये जागोजागी न लिहिता एकाच ठिकाणी ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांना ही सोय नव्हती.

पाळीला वेळेची मर्यादा घालायला मात्र विसरू नका. ती नसली तर जिंकत असलेल्यानं गप्प बसणं हीच सर्वोत्तम चाल ठरते, आणि हिशेब्या ती पहिल्या रात्रीतच शोधून काढतो. याच सीमाप्रश्नावर महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला; तिथली पाळी कुणाची हे पडद्यावर दाखवायला गेलात तर फिरणारं चक्र फिरतच राहील.

म्हणून डाव जतन करण्याची सोय हवीच, आणि खेळाडूच्या नावाशेजारी ‘वारस’ असा एक रकाना. १९५६ साली, राज्यपुनर्रचनेच्या वेळी, या डावाला बसलेल्यांची नातवंडं आता पटावर आहेत. वारस नोंद करताना सोंगट्यांची घरं, तोडीची खूण आणि पाळी जशीच्या तशी त्यांच्या नावावर चढली पाहिजे. वारस दोन असतील, एक पुण्याला आणि एक बेंगळुरूला नोकरीला, तर पाळी आलटून पालटून द्या. दोघंही सुट्टीला आले नाहीत तर त्यांच्या जागी हिशेब्याला बसवा. तो बसतो, फक्त आधी एक हरकत नोंदवून घेतो.