पाणी आपलंच

नॉर्वेच्या टोकाशी एखाद्या कोळीगावात मुक्काम करून देवमासे बघावेत, अलास्कात जाऊन सामन गळाला लावावा, असली स्वप्ने पुण्यात फार तर अमेरिकेत मुले असलेले आईबाप बघतात. बाकीच्यांना ठाऊक असते की जरा धीर धरला की उत्तर दिशा आपण होऊन सोलापूर रस्त्यावर येते. मंगोलिया-तिबेटकडचे पट्टकादंब हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर उतरतात. पाहुणे इतक्या लांबून येतात म्हटल्यावर आपण शंभरेक किलोमीटर जायला हरकत नसावी. विशेषतः गाडी मेव्हण्याची असेल तर.

माझ्या मेव्हण्याला दोन छंद आहेत, पक्ष्यांचे फोटो आणि गळाने मासे धरणे. दोन्हींच्या पावत्या घरी दाखवण्यासारख्या नाहीत. लेन्सची लांबी एवढी की ती मांडीवर घेऊन बसला की बाळ झोपवत असल्यासारखा दिसतो. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पानांची नक्षी असलेले कपडे, म्हणजे झाडीत मिसळून जावे आणि पक्ष्यांना कळू नये. उजनीच्या पाण्यावर मैलभर एक झुडूप नाही. निळ्या होडीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला हा हिरवा माणूस पलीकडच्या करमाळा तालुक्यातूनही दिसत असणार.

हडपसर सोडले तेव्हा अजून अंधार होता, तरी व्याख्यान सुरू झाले. "भावोजी, हा पट्टा साधा नाही. साइक्सचा आहे." कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. माशाचे 'खुद्री' हे स्थानिक नावही साइक्सने तसेच शास्त्रात नेले. म्हणजे जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी रात्र-रात्र जागतात, त्या घराण्यातल्या एका माशाचा जन्मदाखला आपल्या नदीचा आहे. आज त्या नदीवर जलपर्णी असते आणि जलपर्णी नसेल तिथे फेस असतो. खुद्रीची पिल्ले हवी असतील तर उलट्या दिशेला, लोणावळ्यात वळवणच्या तलावाकाठी जावे लागते. तिथे टाटांच्या केंद्रात ती सत्तरच्या दशकापासून वाढवली जातात. मेव्हण्याचा मात्र ठाम विश्वास होता की एखादा जुना, स्वाभिमानी महसीर उजनीत तग धरून असेल आणि तो त्याचीच वाट बघत असेल.

कुंभारगावला उजाडले. होडीवाला तरुण, भोयाचा पोरगा. आजोबांनी जाळे टाकले, बापाने टाकले, हाही पहाटे जाळी काढून मासे बाजाराला धाडतो आणि मग आमच्यासारख्यांना फिरवतो. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. काठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते आणि पावसाळ्यात परत आत जाते. पाण्याने घेतले तसे पाण्याने थोडे दिलेही: आधी मासे, मग पक्षी, मग पुणेकर.

पोराने इंजिन बंद केले आणि बांबू हातात घेतला. तळाला बांबू टेकवायचा, अंगाचा भार टाकायचा, होडी पुढे सरकली की चिखलातून तो अलगद मागे ओढून घ्यायचा. पाण्याचा एक थेंब आवाज करत नव्हता. मेव्हणा मात्र कुजबुजत होता, आणि त्याची कुजबूज ही इतरांची हाक असते. "अहो, सूर्य पाठीमागे येईल अशी घ्या ना होडी!" पोरगा म्हणाला, "सर, दमा जरा. त्या खुंटावर ऑस्प्रे येतो. मासा घेऊनच येतो. हितंच बसून खातो." थोड्याच वेळात ऑस्प्रे आला. मासा घेऊनच आला. खुंटावर बसला, मासा पायाखाली दाबून डोक्याकडून सुरुवात केली. मेव्हण्याने बटण दाबले ते दाबूनच धरले. त्या एका न्याहारीचे त्याच्याकडे आता इतके फोटो आहेत की त्यातून ती न्याहारी पुन्हा उभी करता येईल.

रोहित पक्षी पुढे उथळ पाण्यात होते. हे एक वेगळेच गणित आहे. धरण भरलेले असताना त्यांना पाय टेकायला जागा नसते. खाली सोलापूरकडे शेतीला आवर्तन सुटले, पाणी उतरले, चिखल उघडा पडला की ते जमतात. पुणे आणि सोलापूर पाण्यावरून वर्षभर भांडतात, त्या भांडणात फायदा होणारा हा एकच पक्ष. चोच उलटी करून चिखल गाळत ते ओळीने पुढे सरकत होते, आणि मेव्हण्याला मुख्य मुद्दा सुचला.

"भावोजी, हा रंग कुठून येतो माहितेय? शेवाळ आणि त्यातले बारीक किडे. शेवाळ कशावर वाढतं? आपल्या सांडपाण्यावर! मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा इथे येते. म्हणजे कोथरूडच्या बेसिनमधून गेलेलं इथे गुलाबी होऊन उभं आहे. पाणी आपलंच!" त्याच्या चेहऱ्यावर वर्गणीदाराचा अभिमान होता. मला वाटले, आता तो रोहितांच्या थव्याकडे हिशेब मागणार. पोरगा काही बोलला नाही. नुसता बांबू टेकत राहिला.

परतताना गळ निघाला. हिंग लावलेली कणकेची गोळी, चकचकीत रीळ, हातमोजे. बऱ्याच वेळाने दोरा हलला आणि तळहाताएवढी चिलापी वर आली. ही मूळची आफ्रिकेची; भारतात १९५२ मध्ये आणली आणि मग तिने आवरायचे नावच घेतले नाही. अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले तोंडात वाढवते, मग गावठी मासे मागे पडले नाहीत तरच नवल. उजनीत जाळे टाका, बहुतेक वेळा हीच. मेव्हण्याने तिचा फोटो काढला, ओल्या हाताने गळ सोडवला आणि मोठ्या मनाने तिला पाण्यात सोडून दिले.

पोरगा पहिल्यांदाच हादरला. "सोडली?"

"हा खेळ आहे. धरायचा, सोडायचा."

"मग धरली कशापायी?" मेव्हण्याने त्याला खिलाडूवृत्तीबद्दल बरेच सांगितले. पोराने मान हलवली, पण ती डॉक्टरांसमोर नातेवाईक हलवतात तशी. काठाला लागेपर्यंत तो अधूनमधून मागे, जिथे मासा सोडला तिथे बघत होता.

जेवण त्याच्याच घरी. पडवीत पाने मांडली. त्याच्या आईने बाजरीची भाकरी, लालभडक रस्सा आणि कडेला कुरकुरीत झालेली चिलापी वाढली. मेव्हण्याने तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. सकाळपासूनचे त्याचे स्वतःचेच व्याख्यान बहुधा आता त्याला ऐकू आले असावे.

"मावशी, हा मासा कुठला?"

"हितलाच की. सकाळच्याच जाळ्यातला."

"मावशी, त्यापेक्षा... पिठलं मिळेल का?"

मावशींनी पोराकडे बघितले. पोराने त्यांना होडीतली हकीकत सांगितली असणार, कारण त्या पदराआड हसल्या. "करते की. बेसन हाय घरात. पन सायेब, पानी तेच हाय."

मेव्हण्याने पिठल्याचा विचार सोडून चिलापीची आणखी एक तुकडी वाढून घेतली.