कोन होय जी?

लाखनी ते साकोली राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या दोन्ही अंगांना, गावाकडे पाठ करून शेतात उभी राहिलेली स्लॅबची घरं दिसतात. त्यांतलं निदान एक निवृत्त गुरुजींचं असतं आणि ते ओळखायला नावाची पाटी वाचावी लागत नाही. घर रस्त्यापासून दोनशे फूट आत असतं, मधे मुरमाची वाट, वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक, आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही सूचना, जिच्यातलं शुद्धलेखन बिनचूक असतं. (कुत्रं असतंच असं नाही.) उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, पोरांच्या गलक्यात गेल्यावर गुरुजींना शांतता हवी होती. ती त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून विकत घेतली आणि आता ती त्यांना झोपू देत नाही. गावातल्या घराची सपरी थेट गल्लीवर होती. कोण आलं, कोण गेलं, जाताना हातातली पिशवी भरलेली होती की रिकामी, हे बाजेवरून न उठता कळायचं. शेतातल्या घरी माणूस एकदम दारातच उगवतो. म्हणून गुरुजी सध्या फाटकाशी बसवायचा सेन्सर शोधताहेत. वाटेवर कोणी आलं की आत घंटी वाजली पाहिजे.

कारण विचारलं की ते चोर सांगतात. हे कारण जरा तपासून घ्यायला हवं. या घरात चोरण्याजोगं काय असतं? सोनं बँकेत, धान मिलवर, पैसा पोस्टात. उरली पितळेची भांडी. पण भंडारा हे पितळेचंच गाव, इथला चोर गुंड-परातीसाठी जीव धोक्यात घालील असं वाटत नाही. खरी मालमत्ता वेगळीच आहे. घरात गुरुजी बनियान-लुंगीवर असतात. ज्या माणसाला तीन पिढ्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय पाहिलेलं नाही, त्याला माजी विद्यार्थ्यानं अवचित येऊन बनियानवर पाहावं, यापेक्षा मोठा ऐवज दरोड्यातसुद्धा जात नाही. दोनशे फूट अंतर साध्या चालीनं पाऊणएक मिनिटात संपतं. सदरा शोधणं, तो उलटा नाही ना हे बघणं, बटणं आणि चष्मा, याला तेवढाच वेळ लागतो. मोटरसायकलवाला मात्र दहा सेकंदांत दारात. म्हणजे गुरुजी जे विकत घेताहेत ते संरक्षण नव्हे, मिनिटभराची आगाऊ खबर आहे. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते, आणि ते मान्य करायला गुरुजी काही केल्या तयार होत नाहीत.

निवडीसाठी त्यांनी वही घातलेली असते. रकाने आखलेले, तांबडा पेन वेगळा, आणि प्रत्येक यंत्रापुढे प्रगतिपुस्तकातल्यासारखा शेरा. पहिली पाळी पीआयआरची, कारण तो काहीशे रुपयांत मिळतो आणि तुमसरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो. या यंत्राला माणूस दिसत नाही, ऊब दिसते, तीही सरकती. पाठीमागच्या जमिनीपेक्षा नि भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही त्याच्या भिंगासमोरून गेलं की ते बोंब मारतं. आता कातडी-कपडे धरून माणसाचं बाहेरून तापमान तेहतीस ते पस्तीस अंशांच्या घरात असतं. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि तिथवर चढताना नि तिथून उतरताना ती मुरमाची वाट रोज दोनदा नेमकी याच आकड्यांतून जाते. तेवढ्या वेळात माणूस यंत्राच्या लेखी जवळजवळ नाहीसा होतो. एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीनंतर, म्हणजे ज्या दोन वेळांना उन्हाळ्यात पाहुणा येतो त्याच दोन वेळांना. भर दुपारी या भागात फक्त लग्नपत्रिका वाटणारेच फिरतात. हिवाळ्यात भानगड उलटी. थंड जमिनीवर यंत्राला सगळं लख्ख दिसतं, म्हणून ते सगळंच सांगतं: शेजाऱ्याचं वासरू, बकरी, मांजर, धानाच्या पुंजण्यांवर डोळा ठेवून आलेली रानडुकरं. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं, त्याच वर्षाअखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्या जंगलांच्या काठी ज्यांची घरं आहेत त्यांच्या वाटेवर रात्री माणसांपेक्षा जनावरंच जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की अस्वलाचीही हजेरी लागते. शेरा: ‘हुशार, पण अतिचंचल. वर्गात लक्ष नाही.’

बाकीच्यांची तपासणी लवकर उरकते. समोरासमोर दोन डबे लावून मधून अदृश्य किरण सोडणारं यंत्र कोळिष्टकानं आंधळं होतं आणि पानांच्या झुबक्यानं वेडं. ‘जोडीदाराशिवाय काम करत नाही.’ वाटेवर आडवी टाकायची रबरी नळी, म्हणजे टायर चढला की आतल्या हवेच्या दाबानं घंटी वाजवणारी, साधी आणि इमानदार खरी. पण तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात ती चिखलात दिसतसुद्धा नाही. ‘पावसाळ्यात गैरहजर.’

मग येतं ते चुंबकीय. वाटेच्या कडेला वीतभर खोल पुरायचं एक नळकांडं, एवढंच त्याचं रूप. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्याभोवती असतंच. जवळून लोखंड सरकलं की ते किंचित हलतं, आणि हे हललेलं त्याला कळतं. पल्ला दहाबारा फूट. फाटकापासून थोडं आत, रस्त्यापासून लांब पुरलं तर महामार्गाचे ट्रक त्याच्या खिजगणतीत नसतात. याला बैल कळत नाहीत, बंडी कळते, तीही चाकाच्या लोखंडी धावेमुळे. चिखलणीसाठी केजव्हील लावून निघालेला ट्रॅक्टर कळतो, मोटरसायकल अगदी जवळून गेली तर कळते. डुक्कर, अस्वल, वासरू, हलती फांदी आणि मे महिना या गोष्टी त्याच्या दृष्टीनं जगात नाहीतच. खोड्या यालाही आहेत. बाहेरून मागवावं लागतं, पैसे हजारांत जातात, पुरलेली तार उंदीर कुरतडतो, आणि वीज आसपास पडली की लांब तारेतून झटका आत येऊन यंत्र कायमचं गप्प होतं. गुरुजींचा शेरा: ‘मितभाषी. विचारलं तेवढंच सांगतो.’ त्यांच्या वहीत यापेक्षा मोठी शाबासकी नाही, तरीही ते त्याला दुसरा नंबर देतात. पहिला मात्र कोणालाच नाही.

माझ्या मते पहिला नंबर याचाच, आणि त्याचं कारण ते जे टिपतं त्यात नसून जे सोडून देतं त्यात आहे. रात्रीतून चारदा उठवून प्रत्येक वेळी बोकड दाखवणारी घंटी पाचव्यांदा कोणी ऐकत नाही, आणि आठवड्याभरात तिचे सेल भिंतीवरच्या घड्याळात जातात. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट गुरुजींनी किती तुकड्यांना शिकवली असेल देव जाणे, पण त्या गोष्टीतला पोरगा बॅटरीवरही चालतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: चोर पायी येतो, त्याच्या अंगावर लोखंड किती असणार? खरं आहे, चुंबकाला तो कळणार नाही. पण धानाच्या मुलखात पायी येणारा फाटकातून येतोच कशाला? चारी बाजूंनी बांध्या आहेत, धुरे आहेत. चोर धुऱ्यानं येतो, मजूर धुऱ्यानं येतात, दूधवालाही. फाटकातून फक्त सभ्य माणसं येतात, म्हणून फाटकावरच्या कुठल्याही यंत्राला सभ्य माणसंच सापडणार. धुऱ्यावर रानडुकरांसाठीचं झटका मशीन आहेच, असं कोणी सुचवतं. ते पिकासाठी ठीक, व्याह्यांसाठी नव्हे. आणि थेट लाइनची तार टाकण्याचा विचारही मनात आणू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात वाघ मरतो तशीच माणसंही मरतात.

दुसरा आक्षेप बिबट्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बिबट्या अंगणात आल्याची घंटी वाजली तर गुरुजी काय करणार आहेत? घरातच राहणार, म्हणजे रात्री जे एरवीही करतात तेच. खबर मिळून वागणं बदलत नसेल तर तिच्यासाठी झोप का मोडावी? ज्यांना पहाटे गोठ्यात जावं लागतं त्यांचं गणित वेगळं. त्यांनी पीआयआर जरूर घ्यावा, पण त्याला घंटी न जोडता दिवा जोडावा. दिवा चुकून लागला तर पैशाभराची वीज जाते, घंटी चुकून वाजली तर तिच्यावरचा विश्वासच जातो.

तिसरा आक्षेप मुलाचा असतो, पुण्याहून. कॅमेरा लावा, मोबाइलवर दिसेल. दिसतं खरं, पण ते आधी पुण्यात दिसतं. लाइन आणि नेटवर्क दोन्ही एकाच वेळी हजर असली, तर मुलाच्या मोबाइलवर सूचना जाते आणि तो घाबऱ्या घाबऱ्या फोन करतो, ‘बाबा, अंगणात कोणीतरी दोन माणसं आहेत.’ त्यांतला एक मी आहे, हे बाबांना सांगावं लागतं.

किल्ल्यांचा दाखलाही इथे घेता येतो. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारावर ऐकू येते. गाइड अजून वाजवून दाखवतात. फाटकापासून घरापर्यंत खबर पोचवण्याची यापेक्षा देखणी सोय कोणी केली नसेल. पण १६८७ च्या वेढ्यात मुघलांची माणसं रात्री तटावर चढू लागली तेव्हा ती कामाला आली नाही, कारण शत्रू दरवाज्यात उभा राहून टाळी वाजवत नाही. खाफी खानाच्या इतिहासात आहे ते असं की एक बेवारस कुत्रं भुंकलं, पहारा जागा झाला, आणि अबुल हसन कुतुबशहानं त्या कुत्र्याला सोन्याची साखळी घातली. किल्ला पुढे पडला तो आतल्याच माणसानं दार उघडल्यामुळे, आणि त्यावर अजून कुठल्याच कंपनीनं सेन्सर काढलेला नाही. गुरुजींनी यातून एवढंच घ्यावं की पाटी लावलीच आहे तर कुत्रंही आणावं.

इतकं झाल्यावर गावातला कोणीतरी जुना माणूस म्हणतोच की यंत्र कशाला, सपरीतल्या बाजेवर म्हातारा बसला की झालं. हा सगळ्यांत मजबूत आक्षेप. म्हाताऱ्याला लोखंड लागत नाही, ऊब लागत नाही. तो चाल ओळखतो, सायकलची खडखड ओळखतो. घरचा कोण, उधारीवाला कोण आणि पोरगी बघायला आलेला कोण, हे त्याला लांबून कळतं, आणि कळत नसेल तर ‘कोन होय जी? कोनाकडं चालले?’ एवढ्यात तो आजोळापर्यंत पोचतो. कोणासाठी ओरडायचं नाही हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. पण या सेन्सरला बंद करायचं बटण नाही. सून माहेराहून किती वाजता आली, कोणाच्या गाडीवर आली, हेही त्यात नोंदलं जातं आणि संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचतं. मंडईच्या जत्रेत नाटक पाहून उशिरा परतलेल्या पोरींना विचारून पाहावं, त्या डोळे मिटून चुंबकाला मत देतील. नळकांडं खबर देतं आणि विसरून जातं. गावाबाहेर राहायला गेलेल्या कुटुंबाला हे विसरणं केवढ्याला पडलं, हे शेतातल्या घराच्या खर्चात कुठे लिहिलेलं नसतं. पण घरातल्या बायकांना ते स्लॅबपेक्षा मोलाचं वाटत असणार.

राहता राहिला प्रश्न आतली घंटी कुठे लावायची याचा. गुरुजी म्हणतात बैठकीत, घड्याळाखाली. आल्यागेल्याला दिसली पाहिजे. पण फाटकाच्या खबरीचं पुढे काय होतं ते बघा. गुरुजी सदरा घालतात, आणि आत मास्तरीणबाई चहाचं आधण ठेवतात, कपबशा मोजतात, साखर पुरेल का ते बघतात, पसरलेल्या वड्या उचलतात आणि मंडईच्या दिवसांत एकाचे सहा पाहुणे होतील याचीही तयारी धरतात. त्या मिनिटातलं काम बघितलं तर सदरा हा त्याचा अगदी किरकोळ हिस्सा आहे. तेव्हा घंटी स्वयंपाकघरातच हवी, आणि सदऱ्याचा खिळा त्याच दारालगत, म्हणजे आतून हाक आली की हात आपोआप तिकडे जाईल. गुरुजी हे दोनतीन दिवस ऐकून घेत नाहीत. मग खिळा ठोकला जातो, आणि वहीत तांबड्या शाईनं नोंद होते: ‘जागा बदलली. पालकांच्या सूचनेवरून.’