दोन सोळा नंबर
ऑक्टोबर २०२४मध्ये हिंजवडीतल्या कंपनीनं हातात नारळ दिला. डिसेंबरात दुसरीकडे चिकटलो. नव्या एचआरनं फॉर्म १२बी पुढे केला: जुन्या पगाराचा हिशेब द्या. जखमेवर मीठ कशाला, म्हणून तो ड्रॉवरमध्ये सारला. मग काय, दोन्ही कंपन्यांनी मला वेगवेगळं गरीब ठरवलं! नव्या करप्रणालीतली तेव्हाची तीन लाखांची करमुक्त मर्यादा दोनदा, ७५ हजारांची प्रमाणित वजावटही दोनदा. हातात जास्त पडतंय म्हणून घरी पेढेसुद्धा आले. रिटर्न भरताना दोन फॉर्म १६ शेजारी ठेवले, तर फरक व्याजासकट बोकांडी. नोकरकपातीच्या भरपाईवर पाच लाखांपर्यंत सूट असते, पण ती ‘कामगारा’ला. सीए म्हणाले, “तुमच्या कार्डावर मॅनेजर लिहिलंय ना?” त्या चार अक्षरांसाठी पाच वर्षं भांडलो होतो.